कुंकू लागलेली लेन्स

मी लेन्स बोलतेय, तंबूतल्या सिनेमाच्या मशीनची. नाक मुरडू नका. पडद्यावरचा हिरो तुम्हाला दिसतो तो माझ्यातून जातो म्हणून. मी नसले तर कोऱ्या पडद्याकडं बघून शिट्ट्या मारत बसाल.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यातला. काचा घासल्या, पितळी नळकांड्यात बसवल्या, कापसात गुंडाळून पेटीत घातल्या. मग नगरच्या एका दुकानात फळीवर धूळ खात पडले होते. एकाहत्तर साली शिमगा झाला आणि आसारामनं मला तिथून उचललं. एसटीत पाथर्डीपर्यंत मांडीवर धरून आणलं. शेजारच्यानं माझ्या पेटीवर बोचकं टेकवलं, तर त्याच्यावर असा डाफरला की बिचारा पुढं जाऊन उभा राहिला.

हा आसाराम काकासाहेबांच्या फिरत्या टॉकीजचा ऑपरेटर. मशीनपाशीच त्याचे केस पिकले. बायको बनुबाई बायकांच्या दाराशी तिकिटं फाडायची.

मला आणलं ते भांडणापायी. बरेच दिवस पडद्यावर चित्र धूसर यायचं. काकासाहेब म्हणायचे, आसाराम, तुझे डोळे गेले, तुला फोकस साधत नाही. आसाराम म्हणायचा, डोळे शाबूत आहेत, लेन्स गेली. शेवटी मालकांनी चारचौघांत सांगून टाकलं: नवी लेन्स आणू, पण तिच्यातूनही धूसरच दिसलं तर दोष तुझ्या डोळ्यांचा. मग मशीनवर दुसरा माणूस, आणि तू दारावर तिकिटं फाडायची. आसाराम हट्टानं हो म्हणाला. बघा, मी अजून पेटीतून बाहेरही आले नव्हते आणि हे लोक एका माणसाची अब्रू माझ्या गळ्यात बांधून मोकळे झाले.

मढीच्या जत्रेत तंबू लागला. मशीनला नवी वस्तू बसवायची म्हणजे पूजा आलीच. आसाराम दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या लावण्यात गुंतलेला, म्हणून कुंकू लावायचं काम बनुबाईकडं आलं. तिनं मला उलटसुलट करून पाहिलं. पडद्याकडं बघणारी बाजू म्हणजे हिचं तोंड, ते कशाला माखायचं, असा शहाणा विचार केला आणि तेलात कालवलेलं कुंकू माझ्या मागच्या काचेवर बोटभर फासलं. अगं बाई, मला दोन्हीकडून दिसावं लागतं! पण माझं ऐकतंय कोण? नारळ फुटला, मला मशीनमध्ये सरकवलं, वर दोरा बांधला.

आणि या तंबूवाल्यांची रीत अशी, की पूजा करून बसवलेली वस्तू पहिला खेळ होईतो जागची हलवायची नाही.

दिवेलागणीला विजेचं इंजिन सुरू झालं. आसारामनं चाचणीसाठी रीळ लावलं. पडद्यावर चित्र आलं ते चुलीच्या धुरातून पाहावं तसं. सगळा तंबू माझ्यावर उलटला. नवीच फुटकी निघाली, असं कुणी म्हणालं, कुणी माझा पायगुण काढला. नवी सून घरात आल्यावर दूध नासलं तरी तिच्याच नावानं बोटं मोडतात ना, अगदी तसंच. मला असा संताप आला म्हणता! माझ्या काचेत एक ओरखडा दाखवा म्हणावं.

आसाराम घाम पुसत एकेक बघत गेला. दिव्यामागचा आरसा चोळला, कांड्या बदलल्या, रीळ जिथून सरकतं ती फट साफ केली, पडद्याच्या दोऱ्या ताणल्या. माझी पुढची काचही मऊ फडक्यानं पुसली. फक्त मला जागचं हलवलं नाही. चित्र होतं तसंच.

बाहेर रांगा लागल्या होत्या. काकासाहेब आत आले, पडद्याकडं एकवार पाहून त्यांनी आसारामला दारावर जायला सांगितलं.

आसाराम हलला नाही. त्यानं रीळ काढलं, नुसता उजेड पडद्यावर सोडला आणि बनुबाईला हाक मारली.

"पडदा कसा दिसतोय गं तुला?"

"तांबूस दिसतोय. कुंकू सांडल्यावानी."

"मला बी तसाच दिसतोय. मालक, डोळ्यानं फोकस चुकंल, पर नुसता उजेड तांबडा कसा व्हईल?"

तेवढ्यात बनुबाईचा चेहरा उतरला. कुंकू कुठं लावलं ते तिनं हळूच सांगितलं. आसारामनं दोऱ्याला हात घातला तसे काकासाहेब आडवे आले. पूजा मोडायची नाही, अपशकुन होईल म्हणाले.

"देवाला माझं डोळं ठावं हायेत, मालक. तुमाला न्हाईत," आसाराम म्हणाला आणि मला सर्रकन बाहेर ओढलं.

आता कुंकू पुसायचं कुणी? सवाष्णीचा हात कचरला. मग ती माझ्याशीच बोलली, "पुसत न्हाई गं बाई, सरकवते," आणि पदराच्या टोकानं काच लख्ख करून उरलेलं कुंकू तिनं कडेच्या पितळी खाचेत सारलं. वा गं माझी बनुबाई!

पहिलं रीळ लागलं. सुरुवातीला सरकारी सर्टिफिकेट येतं ना, ज्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही, ते आसारामनं मशीनपाशी उभं राहून खड्या आवाजात वाचलं. बारीक अक्षरं, तारीख, खालची सहीसुद्धा. लोक हसले, मग टाळ्या पडल्या. काकासाहेब पुरुषांच्या दारावर गेले आणि स्वतःच तिकिटं फाडायला बसले.

यंदा पाऊस नाही, जत्रा भरत नाहीत. तंबू गुंडाळलाय, आसाराम आणि बनुबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात. मी पारनेरला त्यांच्या घरी, पेटीत आहे. कुणी म्हणतं मोडीत काढा. काढून बघा म्हणावं! आसाराम मला रोज उजेडाकडं धरून बघतो आणि परत ठेवतो.

तंबू पुन्हा लागेल. तेव्हा मला खुशाल पुसा, घासा, चमकवा. फक्त खाचेतलं ते कुंकू तेवढं राहू द्या. ते माझं आहे.