बेचाळीस वेळा 'अज्ञात'

मी एक जुना कीबोर्ड आहे मित्रांनो, केजच्या तहसीलसमोरच्या टायपिंग सेंटरमधला, आणि खरं सांगू का, मी फार दमलो आहे. माझा 'क' पुसला गेला, 'स' निम्माच उरला, आणि लांब बटण उजवीकडून दाबलं तरच ऐकतं. तेव्हा नीट ऐका. दोनदा सांगायचं त्राण माझ्यात नाही.

खोक्यातून बाहेर आलो तेव्हा मालकाने, म्हणजे सोमेश्वरने, मला हळदकुंकू लावलं. सुरुवातीला कामं हलकी होती: रहिवासी दाखल्याचे अर्ज, लग्नाचे बायोडाटा. लोक म्हणायचे, "सोमेश्वरचं टायपिंग लई साफ!" ती शाबासकी सगळी त्याला. मला वर्षातून एकदा दसऱ्याला झेंडूचं फूल, तेही कुणीतरी फाइल ठेवताना खाली पाडायचं. मग तालुक्यातली पोरं-पोरी पीएच.डी. करू लागली आणि माझ्या नशिबी संदर्भ आले.

दुसऱ्याचं काही घेतलं की ते कुणाचं, हे पानाच्या तळाशी सांगायचं, त्याला संदर्भ म्हणतात. आडनाव आधी, नाव नंतर, मग पुस्तक, प्रकाशक, गाव, वर्ष, पान. एक स्वल्पविराम चुकला की गाईड सर लाल गोल करतात आणि सोमेश्वर तो राग माझ्यावर काढतो. त्यात ते 'तत्रैव'! म्हणजे 'वरच्याच पुस्तकातून'. एका प्राध्यापकाने छपाईच्या आदल्या दिवशी दोन परिच्छेद वरखाली केले. झालं, कवितेच्या ओळीखालचं तत्रैव शेळीपालनाच्या पुस्तकावर जाऊन बसलं. सगळा प्रबंध पुन्हा तपासा! तुम्ही हसाल, पण माझा जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

अशात दिपाली आली. धारूरकडच्या वस्तीवरची, ऊसतोड्यांच्या घरातली पहिलीच शिकलेली पोर. तिचा विषय होता ऊसतोड बायकांच्या ओव्या. सहा वर्षं ती उसाच्या फडाफडांवर हिंडली आणि कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, दारात बसून ओव्या उतरवून आणल्या. वह्या उघडल्या तर प्रत्येक ओवीखाली लिहिलेलं: सुरजची आई, पप्पूची आई, हरिओमची आई. वस्तीवर बाईला नावाने कोण हाक मारतं? दिपालीनेही लहानपणापासून तेच ऐकलं, तेच लिहिलं.

सोमेश्वरने मान हलवली. "हे संदर्भात बसत न्हाई बघ. आपन 'अज्ञात' टाकू. भारदस्त दिसतंय."

दिपाली जागरणांनी इतकी पिचलेली होती, ती "टाका" म्हणाली. आणि मी मुकाट्याने लिहीत गेलो. एरवी नको तिथे अडकणारा मी, त्या दिवशी एकदाही अडकलो नाही. मला आजही त्याची लाज वाटते.

सरांनी प्रबंध परत पाठवला. विद्यापीठाची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती. तिकडे जाणारी संध्याकाळची एसटी चुकली असती, तर तिची सहा वर्षं पाण्यात.

"कावून रडायलीस?" सोमेश्वरने दिपालीला विचारलं.

"सर म्हनले, अज्ञात कशी? तू तर तिच्या म्होरं बसून लिवून घेतलंस. नावं आन, न्हाई तर त्या ओव्या काढून टाक."

सकाळभर तिने फोन लावले. बाकीच्या बायकांची नावं मिळाली. राहिली एकटी हरिओमची आई. चौथं प्रकरण सगळं तिच्या बेचाळीस ओव्यांवर उभं होतं, आणि ती होती कर्नाटकात, फडावर. तिच्याजवळ फोन नव्हता. दुपारी एकदाचा टोळीच्या मुकादमाने आपला फोन नेऊन तिच्या हातात दिला.

"मावशी, तुमचं नाव सांगा."

"हरिओमची आई की गं! इसरलीस व्हय?"

"तसं न्हाई, तुमचं सोताचं."

पलीकडे कोयते चालूच होते. बाई म्हणाली, "कोनतं सांगू? सासरचं का म्हायेरचं?"

सोमेश्वर मध्येच स्पीकरवर टाकलेल्या फोनकडे वाकला. "आधारवर काय हाय?"

"सरस्वतीबाई. ते लग्नात ठिवलेलं."

"मग तेच टाकतो."

"थांब रं दादा." बाईचा आवाज चढला. "ह्या ओव्या सरस्वतीनं कवा शिकल्या? म्या आईच्या जात्यावर शिकले, तवा मी छबू व्हते. छबुबाई लिव्ह. आन् माझ्या एकटीचं नगं लिवू. ओव्या आईच्या हायेत. भिवराबाई. गेली ती. पर तिचं नाव लिव्ह."

सोमेश्वरने चष्मा पुसला आणि एकेक 'अज्ञात' खोडायला घेतला. छबुबाई, मुलाखत, फडाचं गाव, तारीख. ओवी आई भिवराबाई यांच्याकडून. बेचाळीस वेळा. माझं अंग दुखत होतं, पण त्या दिवशी मी कुरकुर केली नाही, शपथेवर सांगतो.

सरांनी पानं चाळली, सही केली. एकही ओवी निघाली नाही. बायंडिंग होईपर्यंत दिपालीने पुन्हा मुकादमाला फोन लावला आणि छबुबाईला ते पान वाचून दाखवलं.

"ऐकू आलं का, मावशी?"

"आईचं नाव आजून एकदा वाच."

दिपालीने वाचलं. मग आणखी एकदा वाचलं.

मित्रांनो, माझ्याकडून आता फार काम व्हायचं नाही, नवा कीबोर्ड केव्हाही येईल. जाताना एवढंच मागतो. ज्याचं घ्याल, त्याचं नाव त्यालाच विचारून लिहा. भिवराबाई लिहायला आठ वेळा बटण दाबावं लागतं. फक्त आठ वेळा.