इस्त्रीवालीच्या मुलीचा तिसरा डोळा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर इस्त्रीवालीची मुलगी, माझीच विद्यार्थिनी, डोळ्यांवर काळी पट्टी बांधून पोटाशी धरलेलं वर्तमानपत्र घडाघडा वाचत होती आणि लोक 'अगं बाई!' करत टाळ्या पिटत होते.

"तिसरा नेत्र!" बुद्धिमहाराज गरजले. "मी हिच्या मस्तकावर अंगठा टेकवला आणि ही शाळेत पहिली आली! पुस्तकं रद्दीत घाला. मेंदूचं कुलूप उघडलं की विद्या आपोआप आत येते!"

मला कंटाळा आला होता. जन्मभर विज्ञान शिकवलं, भुताखेतांशी भांडलो. एक बाबा हाकलावा, तर दुसरा बस्तान बसवतो. घरी जाऊन आडवं व्हावंसं वाटत होतं. पण पुढच्या आठवड्यात शिष्यवृत्तीची परीक्षा होती. ती मिळाली तरच पोर पुढे शिकणार होती, आणि हल्ली तिला साधी गणितं सुटत नव्हती. तिच्या आईला विचारलं तर म्हणाली, "सर, महाराजांनी कुलूप उघडलंय ना? आता अभ्यासाची कटकट कशाला?"

शेवटी उठलो. गुडघे कुरकुरत होते. वर चढून वर्तमानपत्र मुलीच्या कपाळासमोर धरलं. "वाच, बाळ."

ती मान मागे मागे टाकू लागली, पण एक अक्षर वाचता येईना.

"नास्तिकाच्या सावलीने लहरी अडल्या!" महाराज ओरडले.

"पोटाशी धरलं की येतात, कपाळाशी धरलं की अडतात? भारीच आळशी लहरी, महाराज!"

मुलीनेच पट्टी ओढून काढली. "नाकापाशी फट राहते. तिथून खालचं दिसतं," ती रडत म्हणाली. "महाराजांनीच शिकवलंय."

पहिल्या रांगेतून तिची आई ताडकन उठली. "मग पहिला नंबर कुणी आणला गं?"

"तू! शाळेतून आले की मी तुला सगळं सांगायचे. तू इस्त्री करता करता म्हणायचीस, 'नाही कळलं, परत सांग.' तुला समजावताना मलाच समजायचं. आता तू विचारतच नाहीस!"

"अगं, मी तर अडाणी बाई..." आई मटकन खाली बसली.

महाराज मागच्या दाराने सटकले. निम्मे लोक माझ्यावरच चिडले होते, ते नेहमीचंच. मी माईक घेतला.

"मुलगी हुशार आहेच. पण इतकीच हुशार मुलं मागे पडलेली मी पुष्कळ पाहिलीत. 'आज काय शिकलास' एवढं विचारणारंही त्यांच्या घरी कुणी नव्हतं. हिची आई दिवसभर राबून उभ्याउभ्या ऐकत होती. यात चमत्कार कसला? कष्ट तुमचे, आणि श्रेय नेऊन वाहता भलत्याच्याच पायावर! वर कष्टही सोडून देता. जरा डोकं वापरा हो. मी दमलोय आता."

टाळ्या काही पडल्या नाहीत. लोक चपला शोधू लागले.

आईने तळहाताने मुलीचं तोंड पुसलं. "चल घरी," ती म्हणाली. "इतक्या दिवसांचं राहिलंय. पहिल्यापासून सांग."