एकशे बारावा भाग

आमच्या मुलीचं, दिर्सेचं, पहिलं कम्युनियन झालं त्या वर्षी, म्हणजे १९७० साली, नगरपालिकेनं आमच्या पेद्रा मिउदा गावच्या चौकात टीव्ही बसवला. दिर्से तेव्हा दहा वर्षांची होती, चर्चमधला पवित्र प्रसाद पहिल्यांदा घ्यायच्या वयाची. ती पांढऱ्या झग्यात चर्चच्या पायऱ्या उतरली तेव्हा समोर गवंडी टीव्हीसाठी सिमेंटचा खांब उभा करत होते. झग्याच्या कडेला ओलं सिमेंट लागलं. माझ्या बायकोनं, ओझानानं, तो झगा तीनदा धुतला तरी डाग गेला नाही.

खांबावर लोखंडी पेटी होती. पेटीला दोन झडपा, झडपांना कुलूप. किल्ली माझ्याकडे आली, कारण चौक मीच झाडायचो आणि दारू पीत नव्हतो. रोज संध्याकाळी सहाला मी शिडीवर चढून पेटी उघडायचो आणि मालिका संपली की बंद करायचो. गावात आणखी दोनच टीव्ही होते, एक डॉक्टरकडे आणि एक दुधाच्या डेअरीच्या मालकाकडे. बाकी सगळं गाव घरून स्टुलं घेऊन चौकात यायचं.

चर्चसमोर टीव्ही बसवू द्यायला फादर ओलिंपियोंनी एक अट घातली होती. पडद्यावर चुंबन किंवा त्याच्यापुढचं काही आलं, की मी झडपा लावायच्या आणि वीस मोजून उघडायच्या. आवाजाचं बटण पेटीच्या मागच्या बाजूला होतं, तिथे शिडीवरून हात पोचत नसे, त्यामुळे झडपा लागल्या तरी आवाज चालूच राहायचा. मग सगळा चौक एका सुरात मोजायचा. एक, दोन, तीन. म्हाताऱ्या बायकाही मोजायच्या. जुवेनाल न्हावी सगळ्यांत पुढे. त्यानंच दिर्सेला बाप्तिस्म्याला धरलं होतं, म्हणून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणायचो.

"कोंपाद्रे, आज पंधरावरच उघड," तो ओरडायचा. "फादर झोपलेत."

"मी जागा आहे, जुवेनाल," फादर पहिल्या बाकावरून म्हणायचे.

"तेच म्हणतो मी. तुम्हीसुद्धा वाट बघताय."

लोक हसायचे. मी मात्र कधी एकोणिसावर उघडलं नाही. माझ्या हाती दिलेलं ते एकच काम होतं ज्यात मान होता.

रोज बघणाऱ्याला मतं येतातच. मला आली. मालिकेचे पहिले पन्नास भाग मन लावून लिहिलेले असतात, पुढे लिहिणारा दमतो आणि कुणाला तरी आंधळं करतो किंवा प्रवासाला पाठवतो. मालिकेतल्या खेड्यात डॉक्टरच्या बुटाला कधी चिखल लागत नाही. शनिवारच्या जुन्या सिनेमात गोळी लागलेला माणूस मरायच्या आधी दहा वाक्यं बोलतो. मी माझ्या बापाला आणि दोन भावांना मरताना पाहिलं आहे, त्यांतल्या कुणी एक वाक्यही पुरं केलं नाही. आणि सगळ्यांत मला खटकायचं ते म्हणजे कॉफीचे रिकामे कप. नट कप उचलतो तेव्हा मनगटावरून कळतं की आत काही नाही. ओझाना म्हणायची, "तुला कपच दिसतात. बिचारीचा नवरा पळून गेला ते दिसत नाही." तिची मतं माझ्या उलट असायची. ती नेहमी दुष्ट सासूच्या बाजूनं असे. "घर तिनं बांधलंय," म्हणायची. "ही कालची पोरगी येऊन पडदे बदलणार?"

मी शेहेचाळिसाव्या वर्षी प्रौढांच्या शाळेत वाचायला शिकलो. नगरपालिकेतून कार्यक्रमांचा छापील कागद यायचा आणि तो दर वेळी दुसऱ्याकडून वाचून घ्यायची मला लाज वाटायची. ओझाना काही शिकली नाही. तिला गरज वाटली नाही, कारण घरात दिर्से वाचणारी होती.

दिर्से सोळाव्या वर्षी रिओला गेली. डेअरीमालकाच्या बहिणीच्या घरी कामाला. पुढच्या वर्षी, १९७७ च्या सप्टेंबरात, तिचं पत्र आलं. तिच्या मालकीणबाईंची मालिका बनवणाऱ्यांशी ओळख होती आणि त्यांना पडद्यावर मोलकरणीचं काम करायला एक मुलगी हवी होती. तेव्हा आम्ही 'गिरणीवाल्याची सून' बघत होतो. कापडगिरणीत मागावर काम करणारी मुलगी मालकाच्या मुलाशी लग्न करते आणि सासू तिला छळते, अशी ती मालिका होती. पत्र मी ओझानाला वाचून दाखवलं. "एकशे बाराव्या भागात मी आहे. गुरुवारी. माझ्या हातात कॉफीचा ट्रे आहे आणि मला एक वाक्यही आहे. आईला पुढच्या बाकावर बसव."

"कप रिकामे असतील का?" ओझानानं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "नाही. माझी मुलगी रिकामा कप नेऊन ठेवणार नाही."

त्या गुरुवारी सगळं गाव आलं. डॉक्टरसुद्धा घरचा टीव्ही सोडून आला. ओझाना फादरांच्या शेजारी बसली होती, केस धुऊन, कानात डूल घालून. जुवेनालनं दुकान चारलाच बंद केलं होतं. मी शिडीवर उभा होतो.

अर्धा भाग होऊन गेला तरी दिर्से आली नाही. मग सून आणि तिचा नवरा खोलीत आले. त्यानं दार लोटलं, तिच्या खांद्यावरून शाल काढली. मी झडपा लावल्या. चौक मोजायला लागला. आठ, नऊ, दहा. बारावर आतून दारावर टकटक ऐकू आली आणि मग आवाज आला, "साहेब, कॉफी इथे ठेवू की गच्चीत?"

मोजणारे गप्प झाले. तो आवाज सगळ्यांनी ओळखला होता.

"उघड," ओझाना म्हणाली. ती उभी राहिली होती. "बेलार्मिनो, उघड ते."

"कोंपाद्रे, अरे ती आहे," जुवेनाल म्हणाला.

फादर काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर मी आज त्यांचं नाव पुढे केलं असतं. माझा हात खिटीवर होता. मीही आवाज ओळखला होता. पण अजून तेराच झाले होते, आणि त्या खोलीत शाल उतरलेली बाई होती, आणि माझी मुलगी तिथे उभी होती. मला वाटलं, ती खोलीतून बाहेर पडली की बघू. मला वाटलं, पुढे गच्चीचा प्रसंग असेलच. मी मनात वीसपर्यंत मोजलं. उघडलं तेव्हा दार बंद होत होतं. एप्रनची गाठ दिसली, एवढंच. नंतर जाहिराती लागल्या. गच्चीचा प्रसंग नव्हता.

घरी जाताना ओझाना एकच वाक्य बोलली. "पुन्हा दाखवतील. चांगल्या मालिका पुन्हा दाखवतात."

मी दिर्सेला लिहिलं की आम्ही तुला पाहिलं, छान दिसलीस. त्याला उत्तर आलं नाही. ख्रिसमसला पाठवलेलं पत्र परत आलं. मालकीणबाईंनी कळवलं की मुलगी नोव्हेंबरातच काम सोडून गेली, कुठे ते सांगून गेली नाही. मी रिओला गेलो, आठ दिवस राहिलो. पोलिसांनी फोटो मागितला. माझ्याकडे कम्युनियनचा होता, दहा वर्षांच्या मुलीचा. हवालदार म्हणाला, "बाबा, ही आता अशी दिसत असेल का?" दुसरा फोटो आमच्याकडे नव्हता.

त्यानंतर वीस वर्षं आम्ही त्या मालिकेची वाट बघितली. चौकातला टीव्ही ८५ साली काढला, तोवर घरोघरी आले होते. आम्हीही घेतला, स्वस्तातला, काळा-पांढरा. ओझानाला मधुमेह होता आणि त्यानं तिची नजर हळूहळू खाल्ली. शेवटी शेवटी तिला पडद्यावर माणूस कुठे उभा आहे एवढंच कळे, चेहरा कळत नसे. मी म्हणायचो, "जवळ बस." ती म्हणायची, "याहून जवळ बसले तर आत जाऊन पडेन."

१९९७ च्या मार्चमध्ये जाहिरात आली. 'गिरणीवाल्याची सून' रोज दुपारी पुन्हा दाखवणार. ओझानानं शेजारणींना बोलावलं, कसाव्याच्या पिठाचे चीज घालून गोळे भाजले. पहिल्या दिवशी आम्ही दोघं खुर्च्या ओढून बसलो आणि दोघांची मतं जागी झाली.

"सुनेची भुवई बघ," मी म्हणालो. "तेव्हा एवढी बारीक वाटली नव्हती."

"मला भुवई दिसत नाही. सासू आली का?"

"आली."

"काळ्या कपड्यात?"

"काळ्याच."

"शहाणी बाई," ओझाना म्हणाली. "मुलानं लग्न केलं त्या दिवसापासून सुतक पाळतेय."

दुसऱ्या आठवड्यात मला खटकायला लागलं. पहिल्या वेळी सासूचं आजारपण तीन आठवडे चाललं होतं, गावातल्या बायकांनी तिच्यासाठी मेणबत्त्या लावल्या होत्या. आता ती सोमवारी पडली आणि बुधवारी उठली. ओझानाला आनंद झाला. "बरं झालं, लवकर उठली." गिरणीतला संप एका दुपारी लागला आणि संपला. मी बोटांवर हिशेब केला. एकशे सत्तर भागांची मालिका ते पन्नास-साठ दुपारींत आटोपत होते.

मी वाहिनीला पत्र लिहिलं. त्यात मालिकेबद्दल माझी मतंही लिहिली, म्हणजे त्यांना कळावं की लिहिणारा नीट बघणारा आहे. शेवटी विचारलं की एकशे बाराव्या भागात मोलकरीण कॉफी घेऊन येते तो प्रसंग दुपारी दाखवणार का, आणि नसेल तर मूळ भाग कुठे बघायला मिळेल. दोन पानं लिहायला मला चार दिवस लागले.

उत्तर मे महिन्यात आलं, टाइप केलेलं, नम्र. एकशे आठ ते एकशे पंधरा हे भाग मिळून एकच भाग केला आहे. आपण म्हणता तो प्रसंग त्यात नाही. मूळ चित्रफिती त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, त्यामुळे छोटी केलेली प्रतच उरली आहे. आपल्या मतांबद्दल आभारी आहोत.

"काय म्हणतात?" ओझानानं विचारलं.

"मतांबद्दल आभार मानलेत."

"आणि दिर्सेचं?"

"त्यांना काय माहीत असणार कोण दिर्से," मी म्हणालो आणि पत्र साखरेच्या डब्यामागे ठेवलं.

तो भाग एकोणतीस मेला लागला. तोही गुरुवारच होता. ओझानानं त्या दिवशी शेजारणींना येऊ नका म्हणून सांगितलं. केस धुतले. खुर्ची एवढी पुढे ओढली की तिचे गुडघे टीव्हीच्या टेबलाला लागले. सून आणि नवरा खोलीत आले, शाल उतरली, आणि लगेच गिरणीचा भोंगा वाजला. कामगार फाटकातून बाहेर पडत होते.

ओझाना वाट बघत होती. मला ते बघवेना. थोड्या वेळानं सासूच्या दिवाणखान्यात एक मोलकरीण आली, ट्रे घेऊन. उंच, तिशीची बाई. मी म्हणालो, "आली बघ. ती बघ आपली दिर्से. निळ्या एप्रनमध्ये."

ओझानानं मान वाकडी करून कान पुढे केला. मोलकरीण म्हणाली, "बाईसाहेब, पाहुणे आलेत."

"ही नाही," ओझाना म्हणाली.

"तीच आहे. वीस वर्षांत तुझ्या लक्षात राहिलं नाही."

"बेलार्मिनो, ही नाही. हिचा आवाज नाही. आणि निळा एप्रन कुठून आला, पडदा काळा-पांढरा आहे ना?"

भाग संपला. साबणाची जाहिरात लागली, तीही संपली.

"ते पत्र आण," ती म्हणाली. "आता सगळं वाच."

मी आणलं आणि वाचलं. पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, हे वाक्य तिनं दोनदा वाचायला लावलं. कशावर वापरल्या, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, दुसऱ्या कार्यक्रमांवर, एखादी फुटबॉलची मॅच असेल. तिनं मान हलवली.

मग म्हणाली, "तेव्हा तू उघडायला हवं होतंस."

वीस वर्षांत हे तिनं पहिल्यांदाच म्हटलं. रागानं म्हटलं नाही. एखादी वस्तू कुठे ठेवली होती ते सांगावं तसं म्हटलं.

"हो," मी म्हणालो.

त्या दिवसापासून तिनं टीव्ही लावू दिला नाही. मला शेजारी जाऊन बघ म्हणायची, तिला राग नव्हता. मी गेलो नाही. जूनमध्ये तिच्या पायाची जखम चिघळली, जुलैत डॉक्टरांनी पाय कापायचा म्हटलं, ती नको म्हणाली. मी आग्रह केला. ती म्हणाली, "कशासाठी, बेलार्मिनो?"

माझी बायको ओझाना १९ ऑगस्ट १९९७ ला, मंगळवारी सकाळी, घरीच वारली. ती अडुसष्ट वर्षांची होती. दिर्से गेली की आहे, आणि गेली असेल तर केव्हा, हे मला माहीत नाही.