उतारावरचा पहिला मान

उतारावर ब्रशसारख्या पांढऱ्या चटयांच्या सहा रांगा, माथ्यावर घसरगाडीसारख्या चार स्लेज, टेबलावर सात हेल्मेट आणि खाली थांबायची एक लाल रेषा. रेषेच्या पुढे भाताच्या पेंढ्यांची कमरेएवढी भिंत. हिंजवडीहून आलेली तीन कुटुंबं स्वेटर घालून चहा पीत उभी होती. रत्नाबाई स्लेज पुसत होत्या, आणि मनालीला जाऊन स्लेज शिकून आलेली त्यांची सून रेश्मा पाहुण्यांना समजावत होती.

"मुळशीत बर्फ नाही, म्हणून आपण चटयांवर पाणी मारतो. बाकी सगळं तेच. मागे रेलायचं, दोर धरायचा, थांबायचं तेव्हा दोन्ही टाचा टेकवायच्या. इथे जमलं की बर्फावर भीती वाटत नाही."

"आणि रेषेच्या पुढे गेलं तर?" मृण्मयीने विचारलं. तिच्या सहा वर्षांच्या किमयाने हेल्मेट केव्हाच चढवलं होतं.

"नाही जात. परवा चारही स्लेजवर मी स्वतः बसून पाहिलंय. फक्त खालच्या लोखंडी पट्ट्यांना पाण्याशिवाय काही लावायचं नाही. मेण नाही, तेल नाही. मग स्लेज ऐकत नाही."

रत्नाबाईंचा हात थांबला.

काल संध्याकाळी त्यांनी चारही स्लेजच्या पट्ट्यांना तेल लावलं होतं. सुगी संपली की घरातले विळे, कोयते तेल लावून ठेवायचे, ही त्यांची लग्नापासूनची सवय. रोज पाण्यात भिजणारं लोखंड तसंच ठेवायला मन होईना. आत्ता पुसलं तेव्हा फडकं पिवळं झालं होतं.

रिसॉर्टचा मॅनेजर निषाद फोन धरून शूटिंग करत होता. एक अपघात झाला की उतार बंद, असं त्याने रेश्माला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आता बोललं तर तपासलं का नाही, हा प्रश्न रेश्मालाच येणार. आणि तेलाने खरंच काही होतं का? विळ्याला तर नुसता गंज लागत नाही, एवढंच रत्नाबाईंना माहीत होतं.

किमया पहिल्या स्लेजवर बसली. "आजी, दोर कुठे धरू?"

"ऊठ गं बाय जरा."

"काय झालं, मावशी?" निषादने विचारलं.

"जमीन आमची हाय. उतार झाला, फोटू झालं, पर आमी अजून हितं बसलोच न्हाई. पयला मान आमचा."

किमयाचे बाबा अमोघ हसले. "बसू द्या हो. व्हिडिओ भारी येईल."

रेश्मा जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आत्या, हे काय नवीन? गुडघा दुखतोय ना तुमचा?"

"गुडघ्याला काय चालायचंय व्हय?"

"दोन मिनिटांत आटपा," निषाद म्हणाला.

हेल्मेट बसेना, तेव्हा रत्नाबाईंनी अंबाडा सोडला. रेश्माने पट्टा आवळला. "टाचा कधी टेकवायच्या, आत्या?"

"तू वरडशील तवा."

याच उतारावर त्यांनी कितीतरी वर्षं नाचणी लावली होती, वाकून, एकेक रोप. आता तो पायाखालून पळत होता. वरून रेश्माचा आवाज आला, "टाचा!" त्यांनी टाचा दाबल्या. चटई करकरली, पण वेग कमी झाला नाही. लाल रेषा खालून निघून गेली. पेंढ्या अंगावर आल्या, फुटल्या, तोंडात काड्या गेल्या. समोर खाचराचा दगडी बांध दिसला. त्यांनी डोळे मिटले आणि टाचा मातीत रुतवल्या.

स्लेज थांबली तेव्हा वर कोणी हसत नव्हतं.

रेश्मा धावत खाली आली. आधी तिने सासूचे हात, पाय चाचपले. रत्नाबाई उठून बाजूला झाल्या तेव्हा तिने स्लेज जागेवरच कलती केली, पट्टीवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"शेंगदाण्याचं तेल."

"मी लावलं. काल. चारीला."

"मग बसलात कशाला? सांगायचं की."

"त्याच्या म्होरं?" रत्नाबाईंनी खाली येणाऱ्या निषादकडे पाहिलं.

निषाद जवळ आला. "सकाळी पट्ट्या कोणी तपासल्या?"

रत्नाबाई तोंड उघडणार, तोच रेश्मा म्हणाली, "माझं काम होतं. मी आज तपासल्या नाहीत."

वर मृण्मयी किमयाच्या हेल्मेटचा पट्टा सोडत होती. मुलगी रडत होती, तिला बसायचं होतं.

"बांधापर्यंतचं अंतर मोज," निषाद म्हणाला. "नंतर ऑफिसमध्ये ये."

रेश्माने टेप काढली आणि तिचं एक टोक रत्नाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते बांधाच्या दगडाला टेकवलं. टेपचा पत्रा दगडावर वाजत राहिला.

"नीट धरा, आत्या."

त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं. रेश्माने वाकून आकडा वाचला.

स्लेजच्या टोकापासून दगडापर्यंत एकवीस सेंटिमीटर.