आगीचा पाऊस आणि बर्फाचं कडं

"ढालताई, तुम्ही जरा बाजूला थांबा. बुजगावणी काही चावत नाहीत," वकिलाचा आवाज कानात आला.

ताई बाजूला झाली. म्हणजे पडद्यावरची चिलखतवाली धिप्पाड बाई बाजूला झाली. खरी ताई खिडकीजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि तिच्या कानाला हेडफोन होता. आठवडाभर मासळीच्या कारखान्यात बर्फात हात घालून मासे निवडायचे आणि रविवारी दुपारी जेवण झालं की कॉम्प्युटरवरच्या खेळात राक्षसांच्या घोळक्यात ढाल घेऊन उभं राहायचं, हे तिचं सहा वर्षं चाललं होतं. पलीकडे पलंगाजवळ दुसरा कॉम्प्युटर होता. त्यावर टॉवेल टाकलेला होता.

वकील हा काही खरा वकील नव्हे. औषधांच्या दुकानात तो गोळ्या विकायचा. पण डोकं दुखतंय म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाचं डोकं आणखी उठवून पाठवील असा वाद घालायचा, म्हणून वकील. तुकडीचा म्होरक्या तोच. आणि आज सरावाच्या मैदानात गवताची बुजगावणी मांडून मंत्र तपासत होत्या त्या बाई. शाळेत गणित शिकवायच्या. तुकडीची नवी जादूगार म्हणून त्या आल्या होत्या. जादूगाराला आग आणि बर्फ या दोन मंत्रांपैकी एकच शेवटच्या पातळीपर्यंत वाढवता यायचा, आणि एकदा वाढवला की बदलायची सोय नव्हती.

"ऐका," बाई म्हणाल्या. आवाज थेट फळ्यासमोरचा. "आगीच्या पावसाचा एकूण मार ठरलेला आहे. तो खाली जितके असतील तितक्यांत वाटला जातो. तिघंच असले तर तिघांचा कोळसा. तीस असले तर प्रत्येकाला नुसता चटका."

"आणि बर्फाचं कडं?"

"ते वाटावाटी करत नाही. आत एक असो नाहीतर तीस, प्रत्येकाला पुरता मार. शिवाय माझी पातळी वाढेल तसा बर्फाचा मार भराभर चढतो. आगीचा आपला मुंगीच्या पावलानं."

"म्हणजे घोळका मोठा असला की आग कुचकामी. मग धाकटा सहा वर्षं काय गोट्या खेळत..." वकील बोलून गेला. "सॉरी ताई."

"असू दे रे. मी पण हेच म्हणायचे त्याला."

धाकटा म्हणजे ताईचा भाऊ. लहानपणापासून त्याला स्नायूंचं दुखणं. आधी पाय गेले, मग हात. शेवटी उजव्या हाताची दोन बोटं तेवढी त्याचं ऐकायची, आणि त्या दोन बोटांवर तो तुकडीचा जादूगार होता. ताईला या खेळात त्यानंच ओढलं. ती राक्षस गोळा करून मध्ये उभी राहायची, तो लांबून आग पाडायचा. थंडीत तो गेला. ताईनं तुकडीला कळवलं तेव्हा खेळातल्या चौकात सगळे हत्यारं खाली ठेवून उभे राहिले. घरी भेटायला आलेल्यांपेक्षा चौकातली माणसं जास्त होती.

बर्फ घे म्हणून वकील त्याच्या किती विनवण्या करायचा. मोठ्या गुहेत तुकडी दर वेळी मार खाऊन परत यायची, ती आगीपायी. पण धाकटा ढिम्म. म्हणायचा, "आमच्या ताईचा आठवडा बर्फात जातो. रविवारी तरी तिला शेक मिळू दे." सगळे हसायचे. ताई म्हणायची, "मेल्या, तुझा हट्ट माझ्या नावावर खपवू नकोस."

धाकटा गेल्यापासून 'मेल्या' हा शब्द तिनं कुणालाच वापरला नव्हता.

"ठरलं मग," वकील म्हणाला. "बर्फ. पण बुजगावणी जागची हलत नाहीत. एकदा गुहेत बघू, मगच पक्कं करू."

गुहेत पिशाच्चांचा बुजबुजाट होता. ताईनं सवयीनं त्यांना डिवचलं, गोळा केलं आणि मध्ये ढाल रोवून उभी राहिली. हे तिच्याइतकं चांगलं कुणाला जमत नसे.

"ढालताई, एक सांगायचं राहिलं," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "कडं मिटताना आत आपलं माणूस असलं तर तेही गोठतं. मी 'चला' म्हटलं की बाहेर उडी मारा. कीबोर्डवरच्या टोकाच्या दोन कळा एकदम दाबायच्या. सगळ्या ढालवाल्यांना येतं."

"मारते की. त्यात काय एवढं."

"चला!"

ताईनं अंगठा आणि करंगळी ताणली. करंगळी पोचेपर्यंत पडदा पांढरा झाला. पिशाच्चं गोठून फुटली आणि त्यांच्याबरोबर ताईही.

"हरकत नाही. पहिलीच वेळ आहे," बाई म्हणाल्या.

पुन्हा तेच झालं. त्यापुढच्या खेपेला ताईनं आधीपासूनच बोटं कळांवर ठेवली, तर ढाल धरायची कळ सुटली आणि पिशाच्चांनीच तिला लोळवलं.

"ताई, तुमचं नेट अडकतंय का?" वकिलानं विचारलं.

"हो. नेटच अडकतंय," ताई म्हणाली. "आले, थांबा."

तिनं हेडफोन काढून हात मांडीवर ठेवले. कारखान्यातल्या बर्फानं बोटांची पेरं सुजून कायमची आखडली होती. आणि मग तिला ती दुपार आठवली. खेळ शिकताना पहिल्याच महिन्यात धाकटा म्हणाला होता, "ताई, या दोन कळा एकदम दाब बघू." तिनं दाबायला घेतल्या. जमेना. तो तिच्या हाताकडे बघत राहिला, आणि मग म्हणाला, "राहू दे. कीबोर्डच बिघडलाय वाटतं. तसंही मी आगच घेणार आहे."

आजही कीबोर्ड तोच होता. सहा वर्षांत एकदाही बिघडला नव्हता.

सहा वर्षं त्यानं सगळ्यांची बोलणी खाल्ली. हट्टी म्हणवून घेतलं. तिनंही म्हटलं. आणि त्या गाढवानं एका शब्दानं सांगितलं नाही. ताईला रडू आलं. त्याचा राग आला, आणि राग काढायला तो नव्हता, म्हणून जास्तच रडू आलं.

तोंड धुऊन तिनं हेडफोन लावला.

"नेट ठीक आहे," ती म्हणाली. "माझी बोटं पोचत नाहीत. यापुढे पोचणारही नाहीत. धाकट्याला ते माहीत होतं."

 

"म्हणजे ते शेक बिक..." वकील म्हणाला.

"हो."

"मग आपण आगच ठेवू ना, ताई. बाईंचं अजून पक्कं झालेलं नाही. घाई काय आहे?"

"वेडेपणा करू नकोस. आगीनं ही गुहा सर व्हायची नाही, ते बाईंनी आत्ताच दाखवलं. मी त्याची बहीण होते म्हणून त्यानं केलं. तुम्ही कशाला करता?"

"पण तुमच्याइतकं मध्ये उभं राहायला..."

"मिळेल कुणीतरी. तरुण बोटांचं बघा. बाई, बर्फच घ्या. घेतला का?"

बाई हळूच म्हणाल्या, "घेतला."

"छान झालं. मी येत जाईन अधूनमधून. गुहेच्या दाराशी उभी राहीन."

सगळ्यांनी तिला थांबायचा आग्रह केला. तिनं कामं आहेत म्हणून सांगितलं आणि तुकडीतून बाहेर पडली. तिला कसली कामं असणार? भांडी सकाळीच झाली होती.

मग ती पलंगाजवळ गेली आणि टॉवेल काढला. कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागला. धाकट्याचा जादूगार चौकात, तो शेवटचा थांबला होता तिथंच उभा होता. एकेक कळ दाबत तिनं त्याला सरावाच्या मैदानात नेलं. आपल्या कॉम्प्युटरवर जाऊन चिलखतवाल्या बाईला बुजगावण्यांच्या मधोमध उभं केलं आणि पुन्हा पलंगाशी आली. आगीच्या पावसाची कळ शोधावी लागली नाही. सगळ्यांत झिजलेली, अक्षर पुसलेली तीच होती.

तिनं ती दाबली. बुजगावण्यांच्या अख्ख्या घोळक्यावर आग बरसली. प्रत्येकाच्या वाट्याला नुसता चटका, बाई म्हणाल्या तसाच. मध्ये ढाल घेतलेली बाई उभी होती. तिला काहीच झालं नाही.

ताईनं पुन्हा दाबली. अंधारत आलेली खोली पडद्याच्या उजेडानं तांबूस झाली. तिनं आपले दोन्ही हात पडद्यासमोर धरले आणि आग विझेपर्यंत तशीच बसून राहिली.