क्षेत्र डाव्या हाताला

वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, सत्तावन्न साल, अमरावती. तास सुरू व्हायच्या आधी वर्गात जाऊन बसायची मुलींना मुभा नव्हती. मुलींच्या खोलीत थांबायचं, सर आले की त्यांच्या मागोमाग वर्गात शिरायचं, भिंतीलगतच्या बाकावर बसायचं, आणि तास संपला की सरांच्याही आधी बाहेर पडायचं. कुणी लिहून लावलेला नियम नव्हता तो, पण मोडलाही कुणी नव्हता. तास संपल्यावर मुलं सरांच्या टेबलाभोवती गोळा होत, खडू मागून घेत, फळ्यावर अडलेलं सोडवून घेत. आम्ही तोवर व्हरांड्याच्या टोकाला पोचलेल्या असायचो.

"सारं गनित तं आपल्या पाठीमागं चालते वं," मनकर्णा म्हणायची. "आपल्याले निरा नमस्कार-चमत्कार शिकवते सर."

मनकर्णा नांदगाव खंडेश्वराकडच्या एका खेड्यातली. वडील पुंजारामजी, काळ्या कसदार जमिनीचे मालक, स्वतः नांगर धरणारे. ती अमरावतीला आत्याकडे राहायची. उंच, सावळी, मोठ्यानं हसणारी. मी वकिलाची मुलगी, बोलण्यात जपून. पण सहामाहीत तिचे माझ्यापेक्षा अकरा गुण जास्त होते, आणि गणिताच्या पिंपळखुटे सरांनी ते भर वर्गात वाचून दाखवले होते. ते अकरा गुण मला आजही आठवतात, यावरून काय ते समजावं.

तिच्या पुढे एकच गोष्ट होती: फर्स्ट क्लास. पुंजारामजींनी भावकीसमोर शब्द दिला होता. पोरगी वीस वर्षांची झाली, अजून घरात, म्हणून भाऊबंद टोचून खात होते. त्यांना गप्प करायला ते म्हणाले होते, "फस्क्लास आला तं एमेस्सीले नागपूरले धाडीन. नाई आला तं तुमी म्हनसान त्या घरी देईन." मनकर्णेनं मला हे सांगितलं तेव्हा हसत सांगितलं. फर्स्ट क्लासची तिला शंकाच नव्हती. मलाही नव्हती.

त्या वर्षी आम्हाला व्हेक्टर होते. ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल. लायब्ररीत पुस्तकाची एकच प्रत, आणि ती बहुतेक वेळ कुठल्या तरी मुलाच्या खोलीवर. आम्ही दोघी वहीवर वही घासून शिकत होतो. मनकर्णेला कर्ल समजला तो नदीच्या पाण्यात काडी टाकली की ती कुठे गरगर फिरते आणि कुठे सरळ वाहते, त्यावरून. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी मात्र सूत्र पाठ करायची.

पिंपळखुटे सर माझ्या वडिलांचे आतेभाऊ. दर रविवारी सकाळी त्यांच्या बैठकीत सहा-सात मुलं शिकायला येत. दिवाळीनंतर वडिलांनी शब्द टाकला आणि मी जायला लागले. बैठकीत नव्हे, मधल्या घरात. दार अर्धं लोटलेलं, दाराआड मी वही घेऊन, समोर सरांच्या पत्नी गोदाकाकू वाती वळत बसलेल्या. फळा दिसायचा नाही, पण सरांचा आवाज स्पष्ट यायचा. ते जे लिहीत ते तोंडानं म्हणत, बहुधा माझ्यासाठीच.

पहिल्याच रविवारी मी काकूंना विचारलं, "माझ्या मैत्रिणीला आणू का?"

"कोण ती? ती पाटलाची पोर? नको गं बाई. मधल्या घरात माझं सोवळंओवळं असतं. तू आमच्यातली, तुझं निराळं. आणि तिचा आवाज असा, की बाहेरची मुलं गणित सोडून आत बघतील. बोलूही नकोस तिच्यापाशी. मग ती मागं लागेल आणि मी वाईट ठरेन."

मी बोलले नाही. खरं सांगायचं तर मला फारसं जडही गेलं नाही. पुढे पंधरा दिवसांनी मनकर्णेनं सरळच विचारलं, "कावं, सर घरी शिकवतेत म्हने? पोट्टे बोलून राहिले होते."

"मुलांना शिकवत असतील," मी म्हटलं. "मला नाही माहीत."

"तू तं जातं नं त्यांच्याकडे?"

"काकूंना मदत करायला जाते."

तिनं लगेच मानलं. तिच्या घरी मुली खोटं बोलत नसाव्यात.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सरांनी स्टोक्सचा सिद्धांत घेतला. एखाद्या जागेच्या कडेकडेनं फिरत बेरीज करत जावं, आणि दुसरीकडे त्याच जागेच्या आतल्या बिंदूबिंदूच्या कर्लची बेरीज करावी; दोन्ही उत्तरं सारखी येतात. बाहेरून फिरणाऱ्याला आतलं सगळं कळतं, असा तो विलक्षण नियम. समजावून झाल्यावर सर हसून म्हणाले, "आता एक ध्यानात ठेवा. फिरायचं ते कसं? आतलं क्षेत्र डाव्या हाताला ठेवून. आपली सवय देव उजव्या हाताला ठेवायची. प्रदक्षिणेसारखे फिराल तर चिन्ह उलटं येईल. दरवर्षी दोघंतिघं यात बुडतात." मुलं हसली. मी वहीत लिहिलं: क्षेत्र डाव्या हाताला. खाली दोन रेघा ओढल्या.

वर्गात मात्र हे सांगायचं राहून गेलं. सर दोन आठवडे आजारी पडले आणि उरलेला भाग त्यांनी घाईघाईनं उरकला.

गणिताच्या दुसऱ्या पेपरच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही अंबादेवीला गेलो. मनकर्णा खुशीत होती. देवीला फेरी घालता घालता ती एकदम म्हणाली, "मले एक युक्ती सापडली. स्टोक्समंदी कोन्या बाजूनं फिरायचं हे पुस्तकात धड लिवलंच नाई. म्या म्हनलं, सोपं हाये. देवी उजव्या हाताले. प्रदक्षिनाच तं हाये थे! स्टोक्सबुवा बी आपल्यावानीच फिरत असंन."

मी थांबले. मागून येणारी एक बाई मला धडकली.

"काय झालं वं?"

"काही नाही. पायाला खडा लागला."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते मनात जुळवलंही. पण ती लगेच विचारणार होती, तुले कोनं सांगतलं? वर्गात नाही, पुस्तकात नाही, मग कुठं? चार महिन्यांचे रविवार तिच्यापुढे उघडे पडले असते. मी स्वतःला समजावलं, की पेपरात स्टोक्सचा प्रश्न येईलच असं नाही. आलाच तरी कड वर्तुळाची असेल; वर्तुळात कोन शून्यापासून वाढवत नेला की दिशा आपोआप बरोबर येते, म्हणून तर तिची चूक तोवर उघडी पडली नव्हती. इतका सगळा विचार मी अर्ध्या फेरीत केला. उरलेली फेरी आम्ही दोघींनी देवी उजव्या हाताला ठेवून पूर्ण केली.

पेपरात त्रिकोण आला. सिद्धांत पडताळून दाखवा, असा प्रश्न.

बाहेर आले तेव्हा ती कडुनिंबाखाली बसली होती. बोटांना शाई, पदर खांद्यावरून ओघळलेला.

"दोन प्रश्न रायले," ती म्हणाली. "त्या त्रिकोनानं मारलं मले. कडेनं गेली तं उने अर्धा. कर्लवरून काढलं तं अर्धा. म्या कर्ल तीनदा काढला. चारदा. पान फाडलं. घड्याळ पाह्यलं तं चाळीस मिनिटं गेली होती. कर्लमंदी चूक कुठं हाये, मले सापडलीच नाई."

"कर्लमध्येच होती कशावरून?"

"मंग अजून कुठं असंन?" ती माझ्याकडे पाहत राहिली. मी नजर काढून घेतली.

जूनमध्ये निकाल लागला. मला फर्स्ट क्लास मिळाला. तिचा सात गुणांनी हुकला.

पुंजारामजी आमच्या घरी आले. माझ्या वडिलांनी त्यांना खुर्ची दिली, ते खुर्चीच्या कडेला टेकले. "वकीलसाहेब, तुमी म्हनता थे खरं हाये. सेकंड क्लास बी लहान नाई. पन मी चार मानसांत बोलून बसलो. आता शबुद फिरवला तं भाऊ म्हनतीन, पोरीच्या तालावर नाचून राहिला."

"अहो, सात गुण फक्त!"

"सात असो का एक असो. बांध एका बोटानं सरकला तरी भांडन होतेच नं." ते उठले. मला म्हणाले, "बाई, तू जाय नागपूरले. चांगलं शिक." त्यांचे डोळे लाल होते. दुष्ट माणूस असता तर मला बरं वाटलं असतं.

तुळशीचं लग्न झाल्यावर तिचंही झालं. अकोल्याला दिली. मी नागपूरला होते. परीक्षा जवळ आहे असं कळवून गेले नाही.

एम.एस्सी. होऊन मी पुढे अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. चौसष्ट साल उजाडलं होतं. तिचा पत्ता कळूनही मी आठ महिने काढले. शेवटी एका रविवारी ठरवलं, की जायचं आणि सांगायचं. जे होईल ते होवो. मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात तिचं घर होतं. टांग्यात बसून मी वाक्य घोकत गेले.

दार तिच्या सासूनं उघडलं. मनकर्णा आतून आली, मला पाहून जागच्या जागी थबकली, मग घाईनं सासूला म्हणाली, "मामी, ह्या आमच्या आत्याच्या शेजारच्या. लहानपनी संगं खेळत होतो आमी."

मी इथं शिकवते एवढंच सांगितलं. सासूबाई ऐसपैस बसल्या. "तुमी मास्तरीन हाये म्हंता? बरं हाये. आमची सून सातवी शिकली. आमचा शेषराव मॅट्रिक. बाईनं नवऱ्याच्या खाली असावं, मंग घर चालते. कावं मनकर्णे?"

"हाव, मामी."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं हलकेच मान हलवली. बोलू नको. सोयरीक जुळावी म्हणून पुंजारामजींनी मुलीच्या शिक्षणाची आठ वर्षं पुसून टाकली होती.

तिनं चहा केला. दोन मुलं येऊन माझ्याकडे बघून गेली. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. तासाभरानं मी उठले, तेव्हा ती मला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आली. डोक्यावरचा पदर सारखा करत, आवाज अगदी खाली आणून तिनं विचारलं,

"एक सांग मले. तो त्रिकोन. चिन्ह काहून उलटं येत होतं वं? तू तं आता शिकवतं. तुले ठाऊक असंन."

"क्षेत्र डाव्या हाताला ठेवून फिरायचं असतं," मी म्हटलं. "तू उजवीकडे ठेवलंस."

तिनं हवेत बोटानं त्रिकोण काढला, एकदा असा, एकदा तसा. "बाप्पा!" ती म्हणाली. "म्हंजे कर्ल बरोबर होता माहा?"

"बरोबर होता. पहिल्याच वेळी."

"अन् तुले कवा समजलं हे?"

घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. गल्लीत कुणी नव्हतं. ती माझ्याकडे अशी पाहत होती, जणू पुन्हा कडुनिंबाखाली बसली आहे.

"नंतर," मी म्हटलं. "एम.एस्सी.ला गेल्यावर."

तिचा चेहरा सैल झाला. "म्हंजे तवा तुलेबी नोतं ठाऊक! मले इतके वर्सं वाटे, साऱ्याइले समजते, मीच एकटी बह्याड." आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती हसली. तोंडावर पदर धरून, आवाज न करता. तिचं ते हसणं मी ओळखलं नाही. "बरं झालं तू आली. आता जीव हलका झाला पाय."

घरातून हाक आली. ती वळून भरभर गेली.

पुढे ती सतरा वर्षं जगली, त्याच घरात. मी त्यातली अकरा वर्षं अकोल्यातच होते. तिच्याकडे पुन्हा गेले नाही.