शेराचं दूध

कळसाडीच्या नवल पाटलाचं शेत गोमाई नदीच्या बाजूने उघडं होतं. तिकडून रोह्यांचे, म्हणजे नीलगाईंचे, कळप यायचे आणि कपाशीचे कोवळे शेंडे खाऊन जायचे. बोरीच्या काट्यांचं कुंपण दर साली घालावं लागे आणि उन्हाळ्यात त्याला वाळवी लागे. म्हणून एका वर्षी नवलने शेराच्या झुडपांचं जिवंत कुंपण करायचं मनावर घेतलं. शेराची फांदी मोडली की दुधासारखा चीक गळतो, म्हणून त्याला जनावर तोंड लावत नाही आणि एकदा जीव धरला की त्याला पाणीही लागत नाही.

शहाद्याच्या वेशीबाहेर शब्बीर पिंजाऱ्याच्या घराभोवती शेर दाट माजला होता. शब्बीर आणि नवल यांची जुनी दोस्ती. दर साली पावसाळा सरला की शब्बीर पिंजण घेऊन कळसाडीला यायचा, नवलच्या ओसरीवर मुक्काम करायचा आणि गावातल्या गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचा. त्याची बायको सालेहा सोबत असे. ती आणि नवलची बायको कमलबाई मिळून गोधड्या भरत. दोघींचं इतकं जमलं होतं की सालेहाच्या मुलीच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू कळसाडीहून गेले होते.

नवलने शब्बीरकडून गाडीभर फांद्या तोडून आणल्या. त्याच संध्याकाळी बांधावर ओळीने रोवल्या आणि घागरी भरभरून पाणी घातलं. काही दिवस त्या हिरव्या दिसल्या. मग बुडाशी मऊ पडल्या, काळ्या झाल्या. एक उपटून पाहिली तर सालीचा नुसता लिबलिबीत लगदा हाताला लागला आणि घाण वास आला. सगळी ओळ कुजली होती.

पुढच्या फाल्गुनात तो पुन्हा शब्बीरकडे गेला आणि काय चुकलं ते विचारलं. शब्बीरने त्याला कुंपणापाशी नेलं. हातभर लांबीचे तुकडे कर, म्हणाला, एकावर एक रचू नको, कडुलिंबाच्या सावलीत मोकळे पसर. कापल्या जागेवर कोरडी खपली धरली की मगच लाव. खड्ड्यात नदीची रेती घाल. पाण्याचं नावही काढू नको, पाऊस येईपर्यंत ते आपलं आपण मूळ धरतं. एवढं सांगून झाल्यावर त्याने नवलच्या खांद्यावर हात ठेवला.

"आन् कापताना डोयाले हात लावू नको. ते दूध डोयामा गयं ते डोया जास. घरमाबी सांगी ठेव."

नवलने मान हलवली. गाडी भरता भरता तो खपली, रेती आणि पाऊस एवढंच मनात घोळवत होता. मागच्या सालची कुजकी ओळ त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याला रेती आणायला नदीवर जायचं होतं, म्हणून फांद्यांचे तुकडे करायचं काम त्याने कमलबाईवर सोपवलं. किती लांब कापायचे, कसे पसरायचे, पाण्याचा थेंब का लागू द्यायचा नाही, सगळं तिला दोनदा समजावलं. डोळ्यांचं सांगायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.

कमलबाई दुपारपर्यंत विळ्याने कापत बसली. ऊन चढलं, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरू लागला, तसा तिने मनगटाने पुसला. नवल रेतीची गाडी घेऊन आला तेव्हा ती रांजणापाशी ओणवी होऊन तोंडावर पाणी मारत होती. कोणी गाईचं दूध घालायला सांगितलं, कोणी तूप. संध्याकाळी दोन्ही पापण्या सुजून मिटल्या. दोन दिवस घरगुती उपाय झाले आणि मग नवल तिला शहाद्याहून सर्व्हिस मोटारीने धुळ्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी उजवा डोळा वाचवला. डाव्यावर पांढरा पडदा राहिला. त्या डोळ्याने तिला फक्त उजेड आणि सावली कळे.

परतताना मोटारीत तिने विचारलं, "शब्बीरभाऊनी तुमले काही सांगं नही का?"

नवलने खिडकीबाहेर पाहिलं. "नही," तो म्हणाला.

त्या क्षणी त्याला वाटलं, आत्ता एवढं म्हणू, ती बरी झाली की खरं सांगू.

बातमी कळताच शब्बीर आणि सालेहा कळसाडीला आले. कमलबाई खाटेवर बसली होती, डोळ्यावर पट्टी होती. तिने पाणीही विचारलं नाही. शेर तुमच्या दारचा, तो कसा असतो हे तुम्हाला ठाऊक, मग एका शब्दाने सांगायला काय झालं होतं, असं ती शब्बीरला बोलली. शब्बीरने नवलकडे पाहिलं. नवल खाटेची सुतळी बोटाने चाचपत राहिला.

 शब्बीरने हात जोडले. "चूक व्हयनी, वहिनी. सांगानं ऱ्हाई गयं."

सालेहा नवऱ्याकडे बघतच राहिली. दोघं आली तशी गेली. त्या दिवाळीला पिंजण कळसाडीत वाजलं नाही, आणि पुढेही कधी नाही. गाव दुसऱ्या पिंजाऱ्याकडे जाऊ लागलं.

कुंपण मात्र साधलं. नवलने खपली धरेपर्यंत वाट पाहिली, रेती घातली, पाणी घातलं नाही. एकही फांदी कुजली नाही. दोन पावसाळ्यांत छातीएवढी भिंत उभी राहिली आणि आजूबाजूचे लोक कलमं मागायला येऊ लागले. नवल प्रत्येकाला आधी डोळ्यांचं सांगायचा, मग कुजण्याचं. शहाद्याच्या बाजाराला गेला तर पिंजाऱ्याच्या घराची वाट टाळून दुसऱ्या रस्त्याने जायचा. एकदा शब्बीर समोरून आलाच. त्याने बैलांची, पिकाची चौकशी केली, वहिनींचा डोळा कसा आहे विचारलं आणि पुढे गेला. नवलला वाटलं, त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर आपल्यालाही वाचा फुटली असती.

जर्मनीशी लढाई सुरू झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी शब्बीर तापाने गेला. बाजाराहून आलेल्या कोणीतरी अंगणात उभं राहून सांगितलं. कमलबाई दादर ज्वारी निवडत होती. माणूस वाईट नव्हता, पण निष्काळजी होता, असं ती हळूच म्हणाली.

नवल तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. शब्बीरने सांगितलं होतं, घरातही सांगून ठेव म्हणाला होता, आणि मोटारीत आपण खोटं बोललो.

कमलबाईने सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला.  मग म्हणाली, "गाडी जुपा."

शहाद्याला सालेहा दारातच बसली होती. कमलबाई तिच्याजवळ गेली, तिचे हात धरले आणि जे ऐकलं ते तिला सांगितलं. नवल गाडीजवळ उभा होता. सालेहाने त्याला जवळ बोलावलं. ती रडत नव्हती.

"शेवटलोंग मी त्यासले बोल लावा," ती म्हणाली. "बाईना डोया तुमनामुये गया, आसं सांगू. त्यासनी काहीच सांगं नही. आते सांगीसन काय व्हई?"

 चूक झाली असं म्हणायला नवलने तोंड उघडलं, पण याच घरातल्या माणसाने ते शब्द त्याच्यासाठी आधीच उच्चारले होते. 

सालेहाने कमलबाईला आत नेलं. थोड्या वेळाने कमलबाई उंबऱ्यावर आली. मी आठ दिवस इथे राहते, तुम्ही जा, असं तिने सांगितलं आणि ती आत वळली. नवलने बैल फिरवले. गावात शिरल्यावर लोकांनी विचारलं, वहिनी कुठे राहिल्या. या वेळी त्याने खरं तेच सांगितलं, आणि ज्याने ज्याने विचारलं त्या प्रत्येकाला सांगितलं. पण शब्बीरला दोष देणारे काही जण तोवर मरून गेले होते, आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना ती गोष्ट आठवतच नव्हती.